खटका कुठल्या फेरीचा?

नव्यानं बांधलेला गिअरबॉक्स गाडीत चढतो, पहिली चक्कर मारायला गाडी बाहेर पडते, आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आतून टक्-टक् सुरू होते. गॅरेजमध्ये यावर निकाल ठरलेला असतो: दात गेला. मग बॉक्स परत खाली, ज्या गिअरचा संशय तो बदलायचा, बॉक्स परत वर. आणि पुष्कळदा तीच टक्-टक् परत हजर, वर मालकाचा चेहरा आणि वाढलेलं बिल.

इथे घाई नडते. तुटलेला दात हा सहसा मूळ आजार नसतो, कशाचा तरी परिणाम असतो. म्हणून प्रश्न तीन, आणि क्रमही हाच: दात खरंच तुटलाय का, तुटला असेल तर कुठल्या गिअरचा, आणि तुटला कशानं. बॉक्स नुकताच बांधलेला असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा बांधताना काय झालं किंवा काय राहून गेलं यातच सापडतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बोल्टला पाना लावण्याआधीच मिळू शकतात, आणि ती तशी मिळवण्यातच शहाणपण आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा बॉक्स घेऊ: पुढची चाकं ओढणारी छोटी गाडी, पाच गिअर, आडवा बॉक्स. इंजिनाकडून येणारी इनपुट शाफ्ट, तिच्या शेजारी आउटपुट शाफ्ट, तिच्या टोकाला छोटा पिनियन, आणि पिनियनला लागून डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना फेऱ्या वाटून देणाऱ्या जोडणीचा, मोठा क्राऊन गिअर. पुढे जाणाऱ्या गिअरच्या जोड्या तिरप्या दातांच्या, आणि त्या कायम एकमेकींत गुंतलेल्या. आपण लीव्हर हलवतो तेव्हा हे दात जुळत किंवा सुटत नाहीत. सरकते ती स्लीव्ह, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणारं कडं. ती गिअरच्या बगलेतल्या बारीक टोकदार दातांवर, म्हणजे डॉग दातांवर, चढते आणि गिअर शाफ्टला जखडला जातो. म्हणजे एकाच गिअरला दोन तऱ्हेचे दात असतात आणि त्यांची दुखणीही वेगळी. मोठा तिरपा दात तुटला तर चालताना ठराविक लयीत खटका येतो. डॉग दात झिजले तर गिअर टाकताना कर्र होतं, नाहीतर चालता चालता गिअर सुटून न्यूट्रलला येतो. गिअर सुटतो म्हणून मोठ्या दातांवर संशय घेण्यात अर्थ नाही.

आता लय. गिअरचा एक दात तुटला की त्या गिअरच्या प्रत्येक फेरीला एक खटका बसतो. मग खटके मोजले की गिअर कळतो, इतकं ते सरळ आहे. फक्त मोजता येतील इतक्या कमी वेगात गाडी चालवावी लागते. १४५/८० आर १२ चा टायर एका फेरीत साधारण १.६५ मीटर जातो. क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर ४.३ आणि पहिल्या गिअरचं ३.५ धरू. सपाट रस्त्यावर पहिला टाकून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी नुसती सरकू दिली, तर मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आयडलिंगला ती ताशी ६ किलोमीटरच्या आसपास चालते. या वेगाला चाक सेकंदाला एक फेरी घेतं, क्राऊनही एकच, आउटपुट शाफ्ट चारहून थोड्या जास्त, आणि इनपुट शाफ्ट पंधरा. तेव्हा सेकंदाला एक ठक् आली तर दोष क्राऊनचा. सेकंदाला चार-साडेचार खटके म्हणजे आउटपुट शाफ्टवरचा पहिल्याचा गिअर किंवा पिनियन. खटके वेगळे ऐकूच येत नाहीत, सलग खरखर लागते, तर दोष इनपुट शाफ्टवर. आकडे आपल्या गाडीचे घ्यावेत. टायर आणि गुणोत्तरं बदलली की हिशेब बदलतो, पण रीत तीच राहते. ताशी ४० ला हाच प्रयोग केला तर सगळ्यांचा मिळून एकच गोंगाट होतो आणि कान निरुपयोगी ठरतात. वेगात पळवून "आवाज ऐका साहेब" म्हणणाऱ्याला काहीच ऐकू आलेलं नसतं.

एवढं झालं की दुसरा टाकून तसंच सरकू द्यावं. त्याच आयडलिंगला गाडी आता ताशी ११ च्या आसपास जाईल. खटक्यांची लय गाडीच्या वेगाबरोबर वाढली तर दोष आउटपुटच्या बाजूला. गाडीचा वेग वाढूनही लय इंजिनाच्या फेऱ्यांना धरूनच राहिली तर इनपुटच्या बाजूला, किंवा तिच्याबरोबर आता मोकळ्या फिरणाऱ्या पहिल्याच्या गिअरमध्ये. आणि सगळे गिअर कायम गुंतलेले असल्यामुळे पहिल्याच्या जोडीतला तुटका दात तिसऱ्या-चौथ्यातही फिरतच असतो, फक्त बिनभाराचा. म्हणून इतर गिअरमध्ये हलकी टिक्-टिक् आणि पहिल्यात जोरदार ठोका, असं जिथे ऐकू येतं तिथे पहिल्याची जोडी जवळजवळ नक्की. सगळ्या गिअरमध्ये सारखाच ठोका असेल तर क्राऊन-पिनियन.

दाताला दोन अंगं असतात, हे विसरून चालत नाही. इंजिन गाडीला ओढतं तेव्हा एका अंगावर भार येतो. घाट उतरताना गाडी इंजिनाला ढकलते तेव्हा तो दुसऱ्या अंगावर जातो. चढावर आवाज आणि उतारावर शांतता, म्हणजे एका अंगाला टवका उडालाय किंवा खोक पडलीय, अख्खा दात गेलेला नाही. मुळापासून गेलेला दात दोन्हीकडे बोलतो. मात्र पाय उचलल्यावर एकदाच ठक् आणि परत दाबल्यावर एकदाच ठक् होत असेल तर दातांच्या मागे लागू नये. तिरप्या दातांमुळे गिअर भार बदलला की शाफ्टवर मागेपुढे सरकू बघतो. थ्रस्ट वॉशर, म्हणजे गिअरला बाजूनं अडवणारी चकती, राहिला असेल किंवा लॉक, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारी तारेसारखी रिंग, चुकीच्या जाडीचं लागलं असेल तर तो खरोखरच सरकतो आणि आपटतो.

दात न तुटताही दात तुटल्यासारखे आवाज करणारे बरेच आहेत. रिव्हर्स टाकताना घर्र झालं की लोक म्हणतात रिव्हर्सचे दात गेले. क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबावं आणि मग रिव्हर्स टाकावा. शांतपणे पडला तर बॉक्स ठीक आहे, इनपुट शाफ्टला थांबायला वेळ हवा होता, एवढंच. थांबूनही घर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही: केबलचं सेटिंग बघा, प्लेट बघा. बॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकत ठेवलं असेल तर प्लेट हमखास वाकलेली असते. चालू करताना कधी लागणारी आणि कधी नुसती कर्कश फिरणारी गाडी म्हणजे फ्लायव्हीलच्या रिंगचे दात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना दोनच जागांच्या आसपास थांबतं, तीन सिलिंडरचं तीन जागांच्या, म्हणून रिंगही तेवढ्याच ठिकाणी खाल्लेली दिसते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच येणारी कट्-कट् ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटची. आणि बेअरिंग शाफ्टवर बसवताना दाब आतल्या रिंगवर न देता बाहेरच्या रिंगवर दिला असेल, तर गोळ्यांनी पट्टीवर खळगे पाडलेले असतात. असं नवंकोरं बेअरिंग पहिल्या किलोमीटरपासून घरघरतं आणि नाव मात्र दाताचं होतं.

यांतला सगळ्यात फसवा म्हणजे हातोड्याचा ओरखडा. शाफ्ट सुटी करताना दाताच्या कडेवर लोखंडी हातोडा निसटून बसतो, नखाएवढी खोक पडते. खोकेनं फारसं बिघडत नाही, पण तिच्या भोवतीचं पोलाद वर उचललं जातं, आणि तो उंचवटा समोरच्या दाताला प्रत्येक फेरीत ठोकतो. आवाज हुबेहूब तुटक्या दाताचा. बोटानं चाचपलं तर उंचवटा लगेच लागतो. बारीक ऑइलस्टोननं तो सपाट केला, खोक तशीच सोडली, की आवाज बंद. कानस लावायची नाही, कारण दाताच्या कडक पृष्ठभागावर ती नुसती घसरते. ग्राइंडर तर मुळीच नाही.

खोलण्याआधीची खरी साक्ष ऑइलमध्ये असते. गाडी थोडी फिरवून, ऑइल कोमट असताना, स्वच्छ पसरट भांड्यात काढावं. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर असणं साहजिक आहे. नव्या सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा, टाकल्या असतील तर पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये पिवळी चमकीही दिसते आणि ती चुंबकाला चिकटत नाही. पातळ, चपटे, आरशासारखे पापुद्रे बेअरिंगचे. गोलाई असलेला तारेसारखा तुकडा लॉकचा. आणि एक बाजू गुळगुळीत तासलेली, दुसरी खडबडीत दाणेदार, असा जाड तुकडा मिळाला तर तो दात, मग शंकेला जागा नाही. मिळालेले सगळे तुकडे रॉकेलनं धुऊन पांढऱ्या कागदावर मांडावेत आणि त्यांतून अख्खा दात जुळतो का ते बघावं. कोपरा कमी पडला तर तो कोपरा अजून आत आहे, आणि तो सापडेपर्यंत बॉक्स बंद करायचा नाही.

ऑइल भरायच्या फिलर बोल्टच्या भोकातून मोबाइलला जोडता येणारा छोटा कॅमेराही आत जातो. पुढचं एक चाक उचलायचं, दुसरं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ओंडके, जॅकखाली स्टँड. न्यूट्रलमध्ये उचललेलं चाक हातानं सावकाश फिरवत कॅमेऱ्यात दात मोजत जायचं. इथे एक गंमत आहे: एक चाक जखडलेलं असताना दुसरं दोन फेऱ्या घेतं तेव्हा क्राऊनची एक होते. तेव्हा चाकाच्या दर दुसऱ्या फेरीला त्याच जागी हाताला अडखळ लागली, तर ती क्राऊनची. चाकावर खडूची खूण केल्याशिवाय हे हाताला कळत नाही.

एवढं सगळं करूनही दात तुटलाच आहे असं ठरलं, तर बॉक्स खाली घ्यावा आणि तुटलेली जागा पुसण्याआधी नीट बघावी. दात म्हणजे एका टोकाला गाडलेली आखूड तुळई, असं धरून विल्फ्रेड लुईस यानं १८९२ मध्ये फिलाडेल्फियात दाताच्या ताकदीचं सूत्र मांडलं. त्याच्या हिशेबात सगळ्यात जास्त ताण दाताच्या मुळाशी येतो, आणि गॅरेजमधला दातही तिथूनच जातो. मुळाशी पंख्यासारख्या वळ्या असलेला, थोडा काळवंडलेला गुळगुळीत भाग आणि उरलेला खडबडीत, असं दिसलं तर भेग जुनी आहे, ती हळूहळू वाढत गेली आणि शेवटी दात निखळला. नव्यानं बांधलेल्या बॉक्समध्ये शंभर किलोमीटरच्या आत असा दात सापडला, तर जुना गिअर न तपासताच परत टाकला गेला होता. उलट सगळी जागा एकसारखी दाणेदार, ताज्या तुटलेल्या बिडासारखी दिसली तर एकाच झटक्यात तुटलंय. म्हणजे काहीतरी अडकलं होतं.

तीन-चार दात ओळीनं गेले असतील तर सगळ्यात जुनी तूट शोधावी. पहिला दात एका कारणानं जातो, बाकीचे त्याचा तुकडा चावताना. समोरच्या गिअरवरच्या खुणाही बोलतात. १२ आणि ३६ दातांची जोडी असेल तर छोट्या गिअरचा एक दात मोठ्याच्या त्याच तीन दातांना पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून खुणा मोजून तीनच. ११ आणि ३८ असेल तर तो एकेक करून सगळ्या ३८ दातांना भेटतो आणि सगळेच खराब करतो. म्हणून जोडीतला एकच गिअर नवा टाकून दुसरा "चालेल अजून" म्हणून ठेवणं ही काटकसर महाग पडते. क्राऊन आणि पिनियन तर जोडीनंच घ्यायचे. दातांची संख्या मोजूनच घ्यायचे, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी गुणोत्तरं आलेली असू शकतात.

दाताचं फक्त टोक, रुंदीच्या एका कडेचं, गेलं असेल तर दात पूर्ण रुंदीत लागत नव्हता. पुढे जाणाऱ्या गिअरमध्ये असं झालं तर शाफ्ट तिरकी बसलीय: बॉक्स आणि इंजिनामधली, जागा नेमकी धरणारी डॉवेल पिन राहिली, बेअरिंग घरात पूर्ण बसलं नाही, किंवा नव्या बेअरिंगला जुनीच शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, लावली. बेअरिंगच्या उंचीत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांचा फरक असतो आणि शिमचा सगळा कारभार त्याच मापात चालतो, म्हणून ती दर वेळी मोजून लावायची. रिव्हर्समध्ये असं दिसलं तर कारण निराळं. बऱ्याच बॉक्समध्ये रिव्हर्सचे दात सरळ असतात आणि आयडलर, म्हणजे दिशा उलटवणारा मधला गिअर, बाजूनं सरकून त्यांत शिरतो. लीव्हरचा ब्रॅकेट जरा सरकून कसला गेला की आयडलर अर्ध्याच रुंदीत लागतो आणि अख्खी गाडी त्या अर्ध्या दातावर मागे येते. काही बॉक्समध्ये रिव्हर्सचे दात पहिल्या-दुसऱ्याच्या स्लीव्हच्या बाहेरच्या अंगावरच कापलेले असतात. ती स्लीव्ह उलटी चढवली की दात भलत्याच बाजूला जातात.

बांधतानाची सगळ्यात जीवघेणी चूक इंटरलॉकची. गिअर टाकणारा एक रॉड सरकला की बाकीच्यांना जखडून ठेवणारी ती छोटी पिन किंवा गोळी. धुताना ती तेलात पडते, परातीच्या तळाशी राहते, आणि तिच्याशिवायही बॉक्स बिनतक्रार बंद होतो. मग कधीतरी दोन गिअर एकदम पडतात. एका शाफ्टला एकाच वेळी दोन वेगांनी फिरता येत नाही, तेव्हा बॉक्स जाम. गाडी उभी असेल तर इंजिन बंद पडून भागतं. चालत्या गाडीत चाकं जागच्या जागी जखडतात आणि आत जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटतं. असा बॉक्स खोलून फक्त तुटक्या दाताचा गिअर बदलणारा माणूस पुढच्या अपघाताची तयारी करून ठेवतो. सिंक्रोच्या छोट्या चाव्या स्लीव्हच्या आतल्या हबमधून उडून आत पडणं याच जातीचं. स्लीव्ह हबवर हलक्या हातानं, खूण जुळवून चढवली नाही की एक चावी निसटते.

दात वेल्डिंगनं भरून घ्यावा का, हेही हमखास विचारलं जातं. रसवंतीच्या चरकाचा गिअर भरून वर्षानुवर्षं चालतो, कारण तो सावकाश फिरतो. गाडीच्या गिअरचं पोलाद वरून साधारण मिलिमीटरभरापर्यंतच कडक केलेलं असतं, रॉकवेल या कडकपणाच्या मापात ५८ ते ६२, आणि आतून मुद्दाम चिवट ठेवलेलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं हे दोन्ही जातं. भरलेला दात जातोच, शेजारचे दोनही नेतो.

परत बांधताना केस आधी रिकामा करून रॉकेलनं धुवावा. ऑइलच्या पन्हळीत, बेअरिंगच्या घरामागे, चुंबकाच्या खोबणीत हवेचा प्रेशर मारावा आणि मग त्या फटींतून पांढरं फडकं फिरवून बघावं. जुने वापरायचे गिअर डाय पेनिट्रंटनं तपासावेत. तीन डब्यांचा संच वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो: साफ करायचं, लाल रंग मारून दहा मिनिटं थांबायचं, पुसून पांढरी पूड फवारायची. मुळाशी भेग असेल तर लाल रेघ वर येते. सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर हातानं दाबून फीलर गेजनं फट मोजावी. नव्या रिंगेला ती बहुतेक छोट्या गाड्यांत मिलिमीटरभर किंवा थोडी जास्त असते, अर्ध्यावर आली की रिंग संपली. गिअरची शाफ्टवरची मोकळीक साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर, नेमकं माप त्या गाडीच्या मॅन्युअलमधून. बेअरिंग बसवायला प्रेस, आणि ठोकायचंच झालं तर पितळी दांडा.

केस बंद केला की ऑइल भरण्याआधी, बॉक्स टेबलावर असतानाच, प्रत्येक गिअर टाकून इनपुट शाफ्ट हातानं फिरवायची. नुसत्या एक-दोन फेऱ्या उपयोगाच्या नाहीत, पहिल्यात क्राऊनची एक फेरी व्हायलाच तिला पंधरा लागतात. एक गिअर लागलेला असताना दुसरा रॉड जोर लावून ढकलून बघायचा, तो हलता कामा नये. मग बॉक्स जॅकवर पूर्ण तोलून, डॉवेल जुळवून चढवायचा. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, अशा बहुतेक बॉक्सना जीएल-४ प्रतीचं लागतं. जास्त भारी म्हणून जीएल-५ ओतलं तर त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना खातात. गाडी सपाटीवर ठेवून फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, छोट्या गाडीला दोन-सव्वादोन लिटर. पाचशे किलोमीटरनंतर ते काढून टाकायचं, आणि ड्रेन बोल्ट मालकासमोर सोडायचा.